गप्पी माशांचे अण्णा

माशांवर इतकं प्रेम करणारा शाकाहारी माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि शाकाहारी म्हणजे साधा नव्हे. शेजारच्या घरात लसणाची फोडणी पडली तरी उपरणं नाकाशी नेणारा, महिन्याच्या दोन्ही एकादशा करणारा. ते आमचे शेजारी आणि आमच्या त्या चिमुकल्या गावाचे हेल्थ इन्स्पेक्टर. गाव त्यांना तोंडावर अण्णा म्हणे आणि पाठीमागे 'मीनु इन्स्पेक्टर'. मीनु म्हणजे कानडीत मासा. हे नाव त्यांना ठाऊक होतं, आणि मला दाट संशय आहे की ते त्यांना आवडतही होतं.

यशवंतपूर मागं टाकून तुमकूरच्या रस्त्याला लागलं की दोनतीन मैलांवर ते गाव होतं. आता बेंगळूरनं त्याला असं गिळून टाकलंय की शोधायला गेलं तर माझी मलाच वाट सापडत नाही. पन्नासाचं दशक संपत आलं होतं, मी पुण्याहून तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून लागलो होतो, नवीन लग्न झालं होतं आणि शहरात मनासारखं घर मिळत नव्हतं. म्हणून आम्ही या गावात बिऱ्हाड केलं. पीण्या गावाच्या बाजूला तेव्हा नुसती नाचणीची शेतं होती. गावाला स्वतःची नगरपालिका होती, नगरपालिकेला आरोग्य खातं होतं, आणि त्या खात्यात अण्णा, देवी टोचणारा एकजण, दोन शिपाई आणि बहुतेक वेळा नादुरुस्त असलेला एक फवारणीचा पंप, एवढा सरंजाम होता. अण्णा मूळचे चिकोडीकडचे. घरात मराठी, कचेरीत कानडी आणि रागावले की दोन्ही, अशी त्यांची विभागणी होती.

अण्णांच्या भिंतीवर पंचांग टांगलेलं असे, पण ते त्यांना फक्त एकादशीपुरतं लागे. बाकी त्यांचं वर्ष रोगांवर चालायचं. मृगाआधी विहिरींत गप्पी मासे सोडायचे, कारण ते डासांच्या अळ्या खातात. पावसाळाभर घरोघर फिरून तुंबलेली पिंपं आणि फुटके माठ पालथे करायला लावायचे. नवरात्र सरलं की डीडीटी फवारायची. म्हणजे नेमक्या दिवाळीसाठी चुना दिलेल्या भिंतींवर पांढरे ओघळ उठायचे आणि गावातल्या बायका अण्णांचा उद्धार करायच्या. थंडीत देवी टोचायच्या. माघात मोकाट कुत्री मोजायची. फाल्गुनात देवळाची जत्रा. तिच्याआधी झाडून साऱ्या विहिरींत ब्लीचिंगची पूड टाकायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला कॉलऱ्याची सुई द्यायची. मग मार्चअखेर आणि वार्षिक अहवाल. दोन वर्षांत माझी बायकोही याच हिशेबानं बोलू लागली. पुण्याला तिनं आईला लिहिलं की आमच्या लग्नाचा वाढदिवस यंदा कुत्र्यांच्या आठवड्यात येतोय. सासूबाईंना काळजी वाटून त्यांचं उलटटपाली पत्र आलं.

माणसांचे चेहरे अण्णांच्या लक्षात राहत नसत, दंड राहत. रस्त्यात कुणी नमस्कार केला तर ते आधी त्याच्या दंडावरचे देवीचे वण बघायचे आणि मग ओळख पटून हसायचे. त्यांच्या खिशात एक काचेची नळी आणि औषधाची कुपी कायम असे. पाण्यात दोन थेंब टाकायचे. पाणी निळं झालं तर पूड लागू पडली, पाणी प्यायला हरकत नाही. पांढरंच राहिलं तर मात्र अण्णांची मुद्रा बदलायची. गावातल्या एका बड्या घरच्या लग्नात भर पंगतीत त्यांनी आपल्या पाण्याच्या पेल्यात असे दोन थेंब टाकले, पाणी काही निळं झालं नाही, आणि अण्णा पानावरून उठून उभे राहिले. सगळी पंगत चिरोट्यांवर दूध ओतून हात आखडून बसली. वधूपित्याला वाटलं मानपानात काही चुकलं. तो बिचारा उपरणं पसरून पुढं आला. अण्णांनी उपरणं बाजूला सारलं, टाकीत स्वतः पूड कालवली, अर्धा तास तिच्याशेजारी उभे राहिले आणि पाणी निळं दिसल्यावरच पंगतीला हात हलवून परवानगी दिली. मग स्वतः पाच चिरोटे खाल्ले. त्या लग्नातली नवरी कशी होती हे कुणाला आठवत नाही, पण निळं पाणी सगळ्यांना आठवतं.

त्यांचा खरा जीव मात्र त्या गप्पी माशांत होता. वरून डीडीटी आल्यापासून वरच्या कचेरीला माशांचं काही राहिलं नव्हतं. अहवालाच्या छापील नमुन्यातून माशांचा रकाना कधीच गेला होता. अण्णा हुकुमाप्रमाणे फवारणी करत, पण त्यांचा विश्वास माशांवर. पंप बिघडतो, पूड संपते, शिपाई रजेवर जातो, मासा रजेवर जात नाही, असं ते म्हणत. सोवळ्याओवळ्याच्या घरांनी आपल्या विहिरीत मासे सोडायला सुरुवातीला कडकडून विरोध केला, तेव्हा अण्णांनी त्यांना विष्णूच्या पहिल्या अवताराची आठवण करून दिली आणि काम फत्ते झालं.

आता यात एक मोठी अडचण होती, आणि ती खात्यातल्या कुणालाच अडचण वाटत नव्हती. पावसाआधी मलेरियासाठी विहिरीत मासे सोडायचे आणि फाल्गुनात कॉलऱ्यासाठी त्याच विहिरीत पूड टाकायची. पूड पडली की मासे मरणार. बाकी गावांतले इन्स्पेक्टर मासे मरू देत आणि पुढल्या वर्षी नवे मागवत. अण्णांना ते जमेना. आपणच नोकरीला लावलेल्यांना आपणच कसं मारायचं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दरवर्षी जत्रेआधी आठपंधरा दिवस ते सकाळी उठून विहिरीविहिरीवर जायचे. जुन्या मच्छरदाणीचं कापड वेताच्या कड्याला शिवून त्यांनी जाळं केलं होतं. चुरमुऱ्याचा चुरा पाण्यावर टाकायचा, मासे वर आले की उचलायचे, आणि मगच पूड टाकायची. तीनचार दिवसांनी पुडीचा वास मेला, नळीतलं पाणी पांढरं दिसू लागलं, की मासे परत.

मधल्या काळात मासे राहायचे अण्णांच्या घरी. मागच्या पडवीत रांजण, मडकी, जस्ताच्या बादल्या, दगडी डोणी यांची रांग लागे. तांब्याच्या भांड्यात मासा जगत नाही हे त्यांना अनुभवानं कळलेलं. तेवढी अण्णांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, हंडेकळशी बचावली. प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी डकवलेली असे: छत्राची, म्हणजे धर्मशाळेची, विहीर, पोस्टमास्तरांची विहीर, कुंभारआळी. एका विहिरीचा मासा दुसऱ्या विहिरीत जाता कामा नये. माशांना काय फरक पडतो, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुमची बदली झाली तर तुम्हाला फरक पडतो की नाही साहेब?" काकू मला सांगायच्या, आमच्या माहेरी सात पिढ्यांत कुणी मासा शिवला नाही, आणि मी इथं त्यांची बाळंतपणं काढतेय. ते खरंच होतं. गप्पी मासा अंडी घालत नाही, पिलं देतो, आणि ती पिलं आईनंच खाऊ नयेत म्हणून काकू त्यांना वाटीवाटीनं वेगळं करायच्या. तोंडानं त्या बडबडत, पण हात हलका ठेवत.

आणि मग वार्षिक अहवाल. नगरपालिकेकडे टाइपरायटर नव्हता. माझ्याकडे एक जुना होता. त्यामुळं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अण्णा आपल्या बारीक अक्षरातला कच्चा खर्डा घेऊन आमच्याकडे यायचे, मी टाइप करायचो आणि ते शेजारी बसून कॉफी प्यायचे. जन्म, मृत्यू, टोचलेल्या देवी, पकडलेली कुत्री, हे सगळं नमुन्याप्रमाणे. पण शेवटी 'इतर शेरे' अशी चार ओळींची जागा असे, तिथं अण्णा जोडपत्र लावून दोन पानं मासे लिहायचे. कोणत्या विहिरीत किती वाढले, कुठं बेडकांनी त्रास दिला. वरून कधी उत्तर आलं नाही. एकदाच अहवाल परत आला होता, तो सही राहिली म्हणून. तरी अण्णांची खात्री होती की वर कुणीतरी साहेब बसलेला आहे आणि तो हे सगळं चष्मा लावून वाचतो.

आम्ही तिथं गेलो त्याच्या तिसऱ्या वर्षीच्या जत्रेची ही गोष्ट. अण्णांच्या निवृत्तीला चार वर्षं होती आणि वरच्या जागेसाठी त्यांचं नाव गेलं होतं. जत्रेच्या आदल्या दिवसापर्यंत गावातली प्रत्येक विहीर झालीच पाहिजे असा लेखी हुकूम होता. सगळ्या झाल्या, आमच्या परसातली राहिली. ती खोल होती. अण्णा सकाळपासून कठड्यावर ओणवे होते. बाकीचे मासे निघाले, पण एक मादी काही केल्या वर येईना. आली की कपारीत शिरे. अण्णा माझ्या बायकोला म्हणाले, "अक्का, ही पोटुशी आहे. आजउद्यात विणार. उद्या पहाटे स्वल्प चुरमुरे टाकून धरतो. तोवर पाणी उकळून घ्या." बायको 'सरी अण्णा', म्हणजे बरं, म्हणाली. ती त्यांच्याहून पंचवीसतीस वर्षांनी लहान, पण ते तिला अक्काच म्हणत. त्या बाजूला तशी रीतच आहे.

दुसऱ्या दिवशी जत्रा. रथाची गर्दी, अण्णा पहाटेपासून सुयांच्या तंबूत. विहिरीकडे यायला त्यांना दुपार टळली, तेव्हाही मादी कपारीतून निघाली नाही आणि पूड राहिली ती राहिलीच. दोन दिवसांनी बायको आजारी पडली. काय झालंय हे मला कळायच्या आत अण्णांना कळलं. उंबऱ्यातून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कुणाची तरी मोटार मिळवून त्यांनी तिला शहरातल्या साथीच्या इस्पितळात नेलं. तीन दिवस ते तिथल्या व्हरांड्यात बाकावर बसून होते. मी जा म्हटलं की उठायचे, फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. मी तेव्हा त्यांच्याशी धड बोललो नाही. माझी बायको आत होती आणि मला त्यांचा राग आला होता, हे कबूल केलं पाहिजे.

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की धोका टळला. अण्णा त्याच पावली गावात आले आणि आमच्या विहिरीवर गेले. हे काकूंनी मला नंतर सांगितलं. त्यांनी पुडीची बादली कालवली आणि जाळं न घेता, चुरमुरे न टाकता ती सरळ विहिरीत ओतली. मग कठड्याशी बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी ती मादी आणि तिची पिलं बाहेर काढून परसाच्या कोपऱ्यात पुरली आणि घरी येऊन आंघोळ केली. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

एप्रिल उजाडला. बायको घरी येऊन हिंडूफिरू लागली होती. अण्णा खर्डा घेऊन आले, पण कॉफीला थांबले नाहीत. म्हणाले, "सगळं लिहिलंय. टाइप करून ठेवा, सहीला येतो. मला परत वाचवत नाही." मी पानं उलटली. यंदा जोडपत्र नव्हतं. 'इतर शेरे'मध्ये तीनच ओळी होत्या. अमुक पत्त्यावर कॉलऱ्याची एक रुग्ण. सदर विहिरीत पूड टाकण्यास खाली सही करणाराकडून हुकूम मोडून उशीर झाला, कारण मासे. निष्काळजीपणा सर्वस्वी खाली सही करणाराचा असून योग्य ती शिक्षा व्हावी.

एवढं वर गेलं असतं तर बढती सोडाच, नोकरीवरच बेतलं असतं. माझा राग तोवर निवळला होता, पण पुरता गेला नव्हता. आणि त्यांनी जे लिहिलं होतं ते खोटंही नव्हतं. बायकोनं विचारलं काय आहे. मी कागद तिला दिला. तिनं तो दोनदा वाचला.

"त्यांनी पाणी उकळायला सांगितलं होतं, ते यात कुठंय?" ती म्हणाली.

ते कुठंच नव्हतं. मग तिनं मला सांगितलं, जे तिनं आजवर मला सांगितलं नव्हतं. जत्रेहून ती उन्हातून आली, घसा सुकला होता, आणि उकळलेलं पाणी गरम होतं म्हणून ती पोहऱ्यानं विहिरीचं काढून दोन पेले प्यायली. इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तिनं हे अण्णांना सांगितलं होतं. त्यावर अण्णा म्हणाले होते की सांगणं हे माझं काम नव्हतं अक्का, पूड टाकणं हे काम होतं. तिनं असंही सुचवलं होतं की जत्रेत तिनं गुळाचं पानकही घेतलं होतं, दोष कदाचित त्याचा असेल. अण्णांनी मान हलवली होती. पानकाचं पाणी त्यांनी स्वतः निळं करून पाहिलं होतं.

"हे लिहायचं तर माझंही लिहा," बायको म्हणाली. "नाहीतर दोन्ही नको."

आता सरकारी अहवालात माझ्या बायकोची तहान कुठल्या रकान्यात घालणार? मी रुग्णाची ओळ तेवढी टाइप केली आणि पुढच्या दोन ओळी सोडल्या. संध्याकाळी अण्णा आले. पेन काढलं, डोळे दुसरीकडे वळवून सही केली, नक्कल न वाचता घडी करून खिशात घातली. मी तेव्हाच सांगणार होतो. वाटलं, आठवड्याभरात सांगून टाकू.

पण त्या आठवड्यापासून अण्णा शिक्षेची वाट पाहू लागले, आणि मग सांगणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. सांगितलं असतं तर ते त्याच पावली दुसरा कागद लिहून स्वतः वर नेऊन देते, याची मला खात्री होती. टपाल आलं की ते कचेरीच्या दारात उभे असत. शिक्षेची बदली डोंगराळ, तापाच्या मलनाडातच होणार असं धरून त्यांनी काकूंकडून ट्रंक भरून घेतली. काकू लागेल तसं एकेक भांडं तिच्यातून काढून वापरत. पडवीतले मासे त्यांनी गावच्या तळ्यात सोडून दिले होते. पाऊस आला, पण त्या वर्षी अण्णांनी विहिरींत मासे सोडले नाहीत. गावातल्या आयाबायाच विचारू लागल्या की अण्णा, मासे कधी आणणार. ते नुसते हात जोडत. डीडीटीचा पंप मात्र त्यांनी स्वतः दुरुस्त करून घेतला. त्यांच्याकडे बघून मला वाईट वाटायचं आणि मी नजर चुकवायचो.

दसऱ्याच्या सुमाराला कागद आला. बढतीचा. नुसती ज्येष्ठतेनं येते ती साधी बढती. आणखी तिघांच्या नावांत यांचं नाव. अण्णा तो कागद घेऊन आमच्याकडे आले, खुर्चीवर बसले आणि हमसून रडले. मग उपरण्यानं तोंड पुसून म्हणाले, "साहेब, त्यांनी वाचलं सगळं. वाचलं आणि पोटात घातलं. एवढ्या मोठ्या मनाची माणसं वर बसली आहेत बघा, आणि आपण सरकारला नावं ठेवतो." बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती आत जाऊन साखर घेऊन आली आणि अण्णांच्या हातावर ठेवली.

पुढच्या उन्हाळ्यात मासे परत आले. रांजण, मडकी, चिठ्ठ्या, सगळं पूर्वीसारखं. फक्त एक बदल झाला होता. जत्रेआधी जो मासा पहिल्या दिवशी जाळ्यात येणार नाही त्याच्यासाठी अण्णा थांबत नसत. आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला ते सांगत की चूक झाली तर लिहून टाकायची, लपवायची नाही, वरची माणसं समजून घेतात. हे ऐकून किती जणांनी काय काय लिहिलं आणि त्यांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची हिंमतही झाली नाही.

निवृत्त होऊन ते चिकोडीला गेले. आम्ही शहरात राहायला आलो, घरात नळ आला. मध्ये कितीतरी दिवस गेले आणि एकदा ते कुणाच्या तरी मुंजीसाठी बेंगळूरला आले असताना आमच्याकडे दुपारचे आले. खूप वाळले होते. चौकशा झाल्या, काकूंच्या गुडघ्यांचं झालं, आणि मग त्यांनी ती गोष्ट काढलीच. गावी पारावर बसून ते ती सगळ्यांना सांगत असत म्हणे: सरकारनं आपल्याला कशी माफी दिली. सरकारनं त्यांना माफ केलं नव्हतं, सरकारला काही कळलंच नव्हतं. माफ करायचं तर ते आम्हा दोघांनाच करता येण्यासारखं होतं, आम्ही ते केलंही होतं, आणि त्यांना आयुष्यभर दुसऱ्याचेच आभार मानायला लावले होते. आज सांगावं असं माझ्या फार मनात आलं. बायको दारात कॉफीचे पेले घेऊन उभी होती. तिनं नको म्हणून मान किंचित हलवली.

अण्णा म्हणाले, "साहेब, एक विचारायचं राहिलंय. माझ्या चुकीची ती ओळ तुम्ही टाइप केलीत. अक्का नुकतीच मरणाच्या दारातून आलेली. तुमचा हात अडला असेल की नाही?"

"अडला होता, अण्णा," मी म्हणालो.

त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "तरी केलीत. त्याबद्दल तुमचे उपकार कधी फेडणार मी?"

बायकोनं पेले टिपॉयवर ठेवले आणि ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.